अंगाला बेतलेली गाडी



आज मी मोटारसायकलीविषयी बोलणार आहे. तुम्ही म्हणाल, गुरुजींना या वयात मोटारसायकलीचे काय? पण ऐका. ज्याचा एक पाय गेला आहे, किंवा एक हात गेला आहे, किंवा लहानपणी पोलिओने पाय बारीक झाला आहे, अशा माणसाला मोटारसायकल चालवता येते का? कशी येते? त्यासाठी गाडीत काय बदलावे लागते? हा आजचा विषय आहे.

आपल्या जुन्नर आणि आंबेगाव तालुक्यांत दुचाकीवाचून काम अडते. पहाटे दुधाच्या किटल्या तिच्यावर जातात. मंचरला कांद्याचा भाव बघायला, नारायणगावला टोमॅटोच्या बाजारात, घोडेगावला कचेरीत, जुन्नरला दवाखान्यात माणूस तिच्यावरच जातो. पश्चिमेला डोंगरात गेलात तर एसटीची वाट बघत दिवस जातो. तिथे तर दुचाकी म्हणजेच पाय.

आणि पाय जातात तेही इथेच. कडबाकुट्टीत हात सापडतो. मळणी यंत्रात सदऱ्याची बाही ओढली जाते. पुणे-नाशिक रस्त्यावर अपघात होतात. मधुमेह असलेल्या माणसाच्या पायाला काटा लागतो, त्याला कळत नाही, जखम चिघळते आणि पाय कापावा लागतो. पोलिओ मात्र गेला. आपल्या देशात पोलिओचा शेवटचा रोगी २०११ साली बंगालमध्ये सापडला. २०१४ साली देश पोलिओमुक्त ठरला. पण आधी ज्यांना झाला, ती माणसे आज चाळिशी-पन्नाशीची आहेत. त्यांना संसार आहे, शेती आहे. त्यांना बाजाराला जायचे असते.

असा माणूस काय करतो? रस्त्याच्या कडेला कुबडी घेऊन उभा राहतो. कोणी थांबले तर मागे बसतो. उतरताना "उपकार झाले" म्हणतो. रोज रोज उपकार झाले म्हणायचे म्हणजे काय, ते ज्याचे त्यालाच ठाऊक.

आधी गाडी समजून घेऊ. मोटारसायकलीला माणसाचे चारही अवयव लागतात. उजव्या हाताला दोन कामे. मूठ पिळली की गाडीला वेग येतो, आणि पुढची दांडी दाबली की पुढचा ब्रेक लागतो. डाव्या हाताला क्लच. क्लच म्हणजे इंजिन आणि चाक यांची फारकत करणारी दांडी. ती दाबल्याशिवाय गिअर नीट बदलत नाही. डाव्या पायाला गिअर. उजव्या पायाला मागचा ब्रेक. आणखी एक काम आहे, ते आपल्या ध्यानात येत नाही. गाडी थांबली की कोणता तरी एक पाय जमिनीवर टेकावा लागतो. नाहीतर गाडी आडवी.

आता अवयव एक नसला, तर त्याचे काम दुसऱ्याकडे द्यायचे. सगळी युक्ती एवढीच. घरातला एक भाऊ आजारी पडला, तर त्याच्या वाट्याचे पाणी दुसरा भाऊ धरतो. तसेच हे.

डावा पाय गुडघ्याखाली गेला असेल, तर त्यातल्या त्यात सोपे आहे. माझा एक जुना विद्यार्थी आहे. नाव सांगत नाही. तो दुधाचा धंदा करी. मोठ्या रस्त्यावर ट्रकने धडक दिली आणि डावा पाय गेला. दीड वर्ष घरात बसला. बायको डोक्यावर किटली घेऊन डेअरीपर्यंत चालत जाई. भाऊ म्हणाला, "गाडी विकून टाकू, उगाच गंजतेय." हा म्हणाला, "गाडीला हात लावायचा नाही." गाडी पडवीत पोत्याखाली उभी राहिली.

पुढे त्याला पुण्याला नेले. पुण्यात लष्कराचे कृत्रिम अवयव केंद्र आहे. दुसऱ्या महायुद्धात पाय गमावलेल्या शिपायांसाठी ते १९४४ साली सुरू झाले. तिथे नागरिकांनाही पाय बसवून मिळतो. दुसरा प्रकार जयपूरच्या पायाचा. रामचंद्र शर्मा नावाचा एक कारागीर आणि डॉक्टर प्रमोद करण सेठी, या दोघांनी तो १९६० नंतरच्या दशकात घडवला. रबराचा पंजा. तो घालून अनवाणी चालता येते, चिखलात जाता येते, मांडी घालून बसता येते. आपल्या माणसांचे जगणे बघून केलेला पाय तो. डॉक्टर सेठींना १९८१ साली मॅगसेसे पुरस्कार मिळाला. रामचंद्र शर्मांचे नाव मात्र फारसे कोणी घेत नाही. कारागिराचे असेच होते.

आता पाय आला. पण बनावट पायाचा घोटा आपल्या घोट्यासारखा वर उचलत नाही. बोटांनी गिअरची दांडी वर उचलायची असेल, तर ते जमत नाही. इथे आपल्याकडच्या साध्या गाड्यांचा एक गुण कामी येतो. पुष्कळ गाड्यांना गिअरची दांडी दोन तोंडांची असते. एक तोंड पंज्याखाली, एक टाचेखाली. पंजाने दाबले की एकीकडे, टाचेने दाबले की दुसरीकडे. उचलायचे काही नाही, फक्त दाबायचे. आणि दाबायला घोटा लागत नाही, गुडघा पुरतो. ज्या गाडीला एकाच तोंडाची दांडी आहे, तिला दोन तोंडांची दांडी बसवून घ्यावी.

पण एक गोष्ट राहते. बनावट पायाला स्पर्श कळत नाही. पाय दांडीवर आहे की बाजूला, हे तळव्याने सांगायचे, ते सांगत नाही. म्हणून या गड्याने महिनाभर कापणी झालेल्या रानात सराव केला. खाली न बघता पाय जागेवर पडेपर्यंत तो रस्त्यावर आला नाही. हे त्याने फार शहाणपणाचे केले.

एक मात्र वेडेपणा केला. पाय पायटावरून घसरतो म्हणून सायकलच्या ट्यूबने तो पायटाला बांधला. एके दिवशी कालव्याच्या कडेला गाडी घसरली. गाडी पडली, आणि बांधलेला पाय गाडीबरोबर खाली गेला. गाडी अंगावर, खाली उतार, शेजारी पाणी. रानात दोन पोरे गुरे राखत होती, त्यांनी गाडी उचलली. म्हणून सांगतो, पाय कधीही बांधू नका. पडलो तर पाय गाडीपासून सुटला पाहिजे. पाय पुढे सरकतो ना? मग पायटाच्या पुढच्या टोकाला दोन बोटे उंचीची आडवी पट्टी बसवा. पाय अडेल, पण अडकणार नाही. त्याने पुढे तसेच केले. थांबताना तो उजवा पाय टेकतो. आपले रस्ते मध्ये उंच आणि कडेला उतरते असतात. डाव्या कडेला थांबले की डावीकडची जमीन खाली जाते, उजवीकडची वर येते. म्हणजे त्याच्या चांगल्या पायाला जमीन जवळ. ज्याचा उजवा पाय गेला, त्याला हे उलटे पडते. त्याने बुटकी गाडी घ्यावी.

उजवा पाय गेला तर मागच्या ब्रेकचे काय? तो हातावर आणता येतो. डाव्या मुठीवर क्लचच्या जोडीला आणखी एक लहान दांडी बसवतात. काही जण अंगठ्याने दाबायची दांडी बसवतात. जुन्या बुलेटची गंमत सांगतो. तिचा गिअर उजव्या पायाला होता आणि ब्रेक डाव्या पायाला. सगळ्या गाड्यांच्या उलट. लोक त्याला नावे ठेवीत. पण उजवा पाय नसलेल्याला ब्रेक आपोआप चांगल्या पायाखाली मिळे. गिअरचा प्रश्न मात्र तसाच राही.

गुडघ्याच्या वरून पाय गेला असेल, तर मी सांगेन, गिअरची मोटारसायकल सोडा. स्कूटर घ्या. आता बिनगिअरची स्कूटर गावोगाव झाली आहे. पूर्वी असे नव्हते. बजाजची जुनी स्कूटर डाव्या हाताने गिअर बदलायची, पण ब्रेक उजव्या पायाला आणि चालू करायची ती लाथ मारून. १९७२ साली फिरोदियांच्या कायनेटिक कंपनीने लुना आणली. तिला गिअर नव्हता. १९८४ साली त्याच कंपनीने होंडाबरोबर कायनेटिक होंडा आणली. तिला गिअर बदलायचा नाही, क्लच दाबायचा नाही, आणि लाथही मारायची नाही. बटण दाबले की सुरू. कंपनीने ती काही अपंगांसाठी केली नव्हती. पण ज्याला पाय नाही, त्याला त्या बटणाची किंमत विचारा.

आणखी एक नवी सोय सांगतो. १ एप्रिल २०१९ पासून १२५ सीसीपर्यंतच्या नव्या दुचाकीला जोडब्रेक सक्तीचा झाला. म्हणजे एक दांडी दाबली की पुढचा आणि मागचा, दोन्ही ब्रेक लागतात. स्कूटरला ही दांडी डाव्या हाताला असते. एका हाताच्या माणसाला हे वरदानच आहे.

पण हात गेलेल्यांबद्दल मी जपूनच बोलेन. डावा हात नसेल, तर बिनगिअरच्या स्कूटरवर क्लचचा प्रश्न नाही. मात्र जोडब्रेकची दांडी डावीकडून उजवीकडे आणावी लागते. उजवा हात नसेल, तर वेगाची मूठच डावीकडे न्यावी लागते. मग एकाच हाताने वेग, ब्रेक आणि दिशा सांभाळायची. खड्डा आला, कुत्रे आडवे आले, तर? हे सगळ्यांना जमेल असे मी म्हणणार नाही. ऑस्ट्रेलियात ॲलन केम्प्स्टर नावाचा माणूस होता. १९९० साली दारू प्यालेल्या मोटारवाल्याने त्याला उडवले. त्याचा उजवा हात गेला आणि उजवा पायही गेला. त्याने सगळी यंत्रणा डाव्या मुठीवर घेतली आणि पुढे शर्यतीत उतरला. गाडीवर नंबर लिहिला, अर्धा! मोठा खट्याळ माणूस. पण मंडळी, शर्यतीच्या रस्त्यावर सगळे एकाच दिशेने जातात, आणि तिथे उसाची बैलगाडी नसते. बनावट हात मुठीला घट्ट बांधू नये, हेही लक्षात ठेवा. पायाला लागू तेच हाताला लागू.

आता बाजूच्या चाकांकडे येऊ. दोन्ही पायांत बळ नसेल, तर गाडी थांबल्यावर टेकणार काय? म्हणून स्कूटरच्या मागच्या चाकाच्या दोन्ही बाजूंना एकेक चाक लावतात. पूर्वी एसटीडीचे टेलिफोन बूथ असत, त्यांच्यासमोर अशा स्कूटरी उभ्या दिसत. ही गाडी पडत नाही, असे लोक समजतात. तसे नाही. उभी असताना पडत नाही. वळताना पडू शकते.

का ते सांगतो. दुचाकी वळणावर आत झुकते. आपणच तिला नकळत झुकवतो, म्हणून आपण तोल धरून वळतो. बाजूला चाके लावली की गाडी झुकत नाही. मग अंग बाहेर फेकले जाते. रिकामी बैलगाडी जोरात वळवली, तर ती बाहेरच्या चाकावर येते ना? तेच. म्हणून वळणाच्या आधी वेग कमी करायचा, वळणात शिरल्यावर नाही. माळशेज घाटात किंवा भीमाशंकरच्या रस्त्यावर अशी गाडी नेणाऱ्याने हे पाठ करावे. आणि ज्याला दुचाकीची जुनी सवय आहे, त्याने जास्त जपावे. त्याचे अंग वळणावर झुकायला बघते आणि गाडी झुकत नाही.

दुसरे. या गाडीला ओढणारे चाक मधले. बाजूची चाके नुसती आधाराची. आपल्या पायवाटा मध्ये खोल आणि कडेला उंच असतात. बाजूची चाके उंचावर चढली की मधले चाक अधांतरी. मग ते जागच्या जागी गरगर फिरते आणि गाडी हलत नाही. म्हणून बाजूच्या चाकांना स्प्रिंग पाहिजे. उंचावर ती वर दबली पाहिजेत आणि बसणाऱ्याचा मुख्य भार मधल्या चाकावर पडला पाहिजे. नुसती लोखंडी पट्टी मारून घट्ट बसवलेली चाके शहराच्या डांबरी रस्त्याला चालतील, आपल्याला नाही.

ओतूरकडच्या एक अंगणवाडीताई आहेत. लहानपणचा पोलिओ. स्वस्तात होते म्हणून त्यांनी एका वेल्डिंगवाल्याकडून चाके लावून घेतली. सहा महिने ठीक चालले. मग उतारावर एका बाजूचा जोड तुटला, चाक निसटले आणि गाडी त्या बाजूला कलंडली. ताईंचा खांदा निखळला. वेल्डिंगवाला वाईट माणूस नव्हता. तो खिडक्यांचे गज जोडणारा. खिडकी हलत नाही. गाडी रोज हजार धक्के खाते, हे त्याला कसे कळावे? पुढे ताईंनी तपासणी झालेला तयार संच घेतला. तपासणी म्हणजे काय? पुण्याला कोथरूडमध्ये १९६६ पासून वाहनांची संशोधन संस्था आहे, तिला एआरएआय म्हणतात. गाड्यांची आणि अशा संचांची परीक्षा घेणाऱ्या संस्थांपैकी ती एक. पास झालेल्या संचाला दाखला असतो. दुकानदाराला तो दाखला दाखवायला सांगा. दाखवला नाही, तर रामराम म्हणा आणि पुढे चला.

या ताई मला म्हणाल्या, "गुरुजी, आता मला कुणाची वाट बघावी लागत नाही. पण लोकांना माझी वाट बघावी लागते. मी हळू येते ना!"

आता कायदा. गाडीत मनाने बदल केला आणि चालवली, तर चालते का? चालत नाही. मोटार वाहनांचा कायदा १९८८ चा. त्यात अपंगाच्या गाडीला इंग्रजीत "इन्व्हॅलिड कॅरेज" म्हणत. इन्व्हॅलिड या शब्दाचा एक अर्थ रद्दबातल असाही होतो. चेक रद्द होतो, माणूस कसा रद्द होईल? पण शब्द तसाच होता. २०१९ साली कायदा बदलला आणि तो शब्द काढला. आता "ॲडाप्टेड व्हेइकल" म्हणतात. म्हणजे माणसाला जुळेल अशी केलेली गाडी. हे बरे झाले.

गाडीत बदल करायचा, तर आरटीओ कार्यालयाची मंजुरी लागते, आणि तो बदल गाडीच्या नोंदणी पुस्तकात लिहून घ्यावा लागतो. आपल्या दोन्ही तालुक्यांच्या गाड्यांचा नंबर एमएच १४ ने सुरू होतो. म्हणजे आपले कार्यालय पिंपरी-चिंचवडचे. पुस्तकात नोंद नसेल, तर अपघातानंतर विमा कंपनी पैसे देताना हात आखडते. "आम्हांला सांगितले नव्हते," एवढेच तिला पुरते. म्हणून विमा कंपनीलाही बदल कळवा आणि पोच घ्या. लायसन्सही लागते. डॉक्टरचा दाखला लागतो. परीक्षा आपल्या बदललेल्या गाडीवरच द्यायची. मिळालेले लायसन्स तशा गाडीपुरतेच असते. शेजाऱ्याची साधी मोटारसायकल त्यावर चालवू नये.

डॉक्टरकडे जाल, तेव्हा लाजून काही लपवू नका. कापलेल्या पायाची जखम पक्की भरली का? मधुमेह असेल, तर दुसऱ्या पायाला स्पर्श कळतो का? हे त्याला बघू द्या. उन्हाळ्यात घामाने बनावट पाय सैल होतो, आत फोड येतो. फोड आला, तर त्या दिवशी गाडी नाही.

पैशाचे काय? केंद्र सरकारची एक योजना आहे. कानपूरच्या सरकारी कारखान्यात, अलिम्कोमध्ये, बनवलेली बॅटरीची तीनचाकी तिच्यातून मिळते. त्यासाठी अपंगत्व ऐंशी टक्के किंवा जास्त लागते. ही गाडी सपाट गावात छान. डोंगरातल्या वाडीला ती पुरी पडायची नाही, हे घेण्याआधी बघा. २०१६ च्या कायद्याप्रमाणे चाळीस टक्के अपंगत्व असले, की पुष्कळ सवलती लागू होतात. त्यासाठी सरकारी रुग्णालयाचा दाखला आणि स्वावलंबन कार्ड काढून ठेवा. आपल्या राज्यात २०२२ च्या डिसेंबरपासून दिव्यांग कल्याणाचे वेगळे खातेही आहे.

आणि ग्रामपंचायतीचा पाच टक्के निधी. पंचायतीने स्वतःच्या उत्पन्नातले पाच टक्के दिव्यांगांसाठी खर्च करायचे असतात. बऱ्याच ठिकाणी काय करतात? सगळ्यांना थोडे थोडे वाटतात आणि सह्या घेतात. त्या पैशाचा किराणा होतो आणि महिनाभरात संपतो. मला हे पटत नाही. गावात सात जण असतील, तर दरवर्षी एकाला चाकांचा संच नाहीतर चांगला पाय द्यावा. नंबर चिठ्ठी टाकून ठरवावा. पण हे गावातल्या त्या सात जणांनी आधी एकत्र बसून आपसात ठरवले पाहिजे, आणि मग ग्रामसभेत उभे राहून मागितले पाहिजे. ग्रामसभेच्या वहीत मागणी लिहून घ्या. लिहिलेले वाचून बघा. आता तुम्हांला वाचता येते.

माझ्या त्या दूधवाल्या विद्यार्थ्याच्या गाडीला मागे एक प्लास्टिकची नळी बांधलेली आहे. तिच्यात त्याची कुबडी उभी राहते. पाय काढून ठेवायची वेळ आली, तर जवळ असावी म्हणून. वीस रुपयांची नळी, पण ती कोणत्याही कारखान्याला सुचली नव्हती. तुमच्यापैकी कोणाला अशी गाडी करायची असेल, तर त्याच्याकडे जा आणि ती नीट बघा. दूध घालून तो नऊपर्यंत घरी येतो.